तुमच्या वर किती जण आहेत?

गेल्या दिवाळीत गावी होतो. मिरजगावच्या स्टँडसमोर चहा घेत उभा होतो, तेवढ्यात पाठीवर थाप पडली. अण्णांच्या हाताखाली शिकलेले एक काका. सोलापूर रोडला २ एकर आणि आत वस्तीजवळ थोडी जिरायत, एवढी त्यांची दौलत.

‘‘काय पायलट, कधी आलास? बरं झालं भेटलास. आमची पोरगी बारावी सायन्सला हाय. पायलट व्हायचं म्हणती. परवा पुण्याला एका क्लासच्या सेमिनारला जाऊन आलो. ते म्हणले, देशात पायलट कमी पडत्यात, शेकड्यानं विमानं यायलीत, लायसन झालं की नोकरी पक्की. पन्नास-साठ लाख लागत्यात. रोडची जमीन काढावी का, तेवढं सांग.’’

आता या प्रश्नाला हो किंवा नाही असं उत्तर कसं द्यायचं? ‘नको’ म्हणावं तर मी स्वतः त्याच वाटेनं गेलेला. ‘काढा’ म्हणावं तर २ एकर जातात, आणि त्यानंतरचं काहीच त्या सेमिनारवाल्यानं सांगितलेलं नाही. चहाचे तीन कप झाले, पाऊण तास बोललो. तेच आज तुम्हाला सांगतोय. कारण ते काका एकटे नाहीत. बारामतीच्या बाजूला गेलात की ट्रेनिंगची छोटी विमानं डोक्यावर घिरट्या घालताना दिसतात. शिर्डीचं विमानतळ २०१७ मध्ये सुरू झालं. आपल्या जिल्ह्यातल्या पोरांना आकाश आता पूर्वीइतकं लांबचं वाटत नाही. चांगलंच आहे ते. पण आकाशात एक यादी असते, तिच्याबद्दल कुणी बोलत नाही.

यादी म्हणजे काय, हे मला घरात शिकवलं गेलं. अण्णा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. ‘सेवाज्येष्ठता’ हा शब्द मी पाढ्यांच्या आधी ऐकला असेल. पंचायत समितीतून प्रारूप यादी आली की अण्णा चष्मा लावायचे, फूटपट्टी ठेवायचे आणि एकेक ओळ खाली सरकायचे. कोण पुढे, कोण मागे, कुणाची जन्मतारीख चुकली, कुणी हरकत घेतली. त्यांना केंद्रप्रमुख व्हायचं होतं. ‘‘अजून चौदा जण आहेत वर,’’ असं म्हणून यादीची घडी घालायचे. पुढच्या वर्षी अकरा. मग नऊ. अण्णांना ५८ पूर्ण झाली तेव्हा वर तिघं होते.

मी पायलट झालो तेव्हा वाटलं, चला, हे यादी प्रकरण मिरजगावातच राहिलं. नोकरीला लागलो आणि काही दिवसांत कंपनीचा मेल आला, सोबत पीडीएफ. वर लिहिलं होतं, सिनिऑरिटी लिस्ट. माझं नाव शोधायला खालून सुरुवात करावी लागली. अण्णांना फोन केला तर हसले, म्हणाले, ‘‘वर किती जण आहेत?’’

तर गंमत अशी आहे. कॉकपिटमध्ये दोन खुर्च्या. डावीकडे कॅप्टन, खांद्यावर चार पट्ट्या. उजवीकडे फर्स्ट ऑफिसर, म्हणजे आपण ज्याला कोपायलट म्हणतो तो, तीन पट्ट्या. विमान दोघंही चालवतात, आलटून पालटून. कोपायलट म्हणजे एसटीतला क्लीनर नव्हे, हा गैरसमज गावात अजून आहे म्हणून सांगतो. पण शेवटचा निर्णय आणि जबाबदारी डावीकडे, आणि पगारात सहज दुपटीहून जास्त फरक. दोन खुर्च्यांमध्ये हातभर अंतर. ते कापायला कुणाला ४ वर्षं लागतात, कुणाला १२, कुणाला त्याहून जास्त. याला आमच्याकडे ‘कमांड’ म्हणतात. पायलटच्या अख्ख्या करिअरमधलं मोठं प्रमोशन हे एवढंच.

कमांडसाठी काही गोष्टी तुमच्या हातात असतात. १,५०० तास उड्डाण, एटीपीएल नावाचं वरचं लायसन्स, त्याच्या परीक्षा, सिम्युलेटरमधल्या चाचण्या. अभ्यास करा, पास व्हा. पण हे सगळं झाल्यावरही पाळी यावी लागते, आणि पाळी त्या यादीतून येते. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांत तर कुठल्या शहरात राहायचं, कुठलं विमान, कुठला रूट, दिवाळीला सॉरी, ख्रिसमसला सुट्टी कुणाला, हे सगळं नंबरवर ठरतं. आपल्याकडे रोस्टर बरंचसं कॉम्प्युटर लावतो, पण कमांडच्या ट्रेनिंगला आधी कोण, मोठ्या विमानावर आधी कोण, यात बहुतेक ठिकाणी रुजू झाल्याची तारीख बोलते. माझ्याच बॅचचा एक मित्र मेडिकलच्या कागदांसाठी अडकला आणि काही महिने उशिरा रुजू झाला. तेवढ्यात मोठी भरती झाली. आज तो यादीत माझ्या कितीतरी खाली आहे. हुशारीत माझ्यापेक्षा वर.

आता तुम्ही म्हणाल, देशात पायलट कमी आहेत म्हणतात, मग यादी भराभर सरकत असेल की!

इथेच तर खरी मेख आहे. कमी आहेत ते कोण?

डिसेंबर २०२५ आठवा. इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली, विमानतळांवर लोक बॅगांवर डोकं टेकवून झोपले. पायलटांच्या विश्रांतीचे नवे नियम नोव्हेंबरपासून पूर्ण लागू झाले होते. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास, रात्रीची लँडिंग आठवड्याला ६ वरून २. नियम योग्यच आहेत, दमलेल्या पायलटच्या हातात विमान नको. त्या गोंधळात कंपनीनं डीजीसीएला दिलेले आकडे बाहेर आले. ए-३२० विमानांसाठी कॅप्टन हवे होते २,४२२, होते २,३५७. आणि फर्स्ट ऑफिसर? हवे होते २,१५३, होते २,१९४. पुन्हा वाचा. देशातल्या सगळ्यात मोठ्या कंपनीत, सगळ्यात मोठ्या टंचाईच्या काळात, कॅप्टन ६५ कमी आणि कोपायलट ४१ जास्त!

‘पायलटांची टंचाई’ या दोन शब्दांत सेमिनारवाला तुम्हाला जे विकतो, ते खरं तर ‘कॅप्टनांची टंचाई’ असतं. कॅप्टन फी भरून होता येत नाही. २०२३ मध्ये डीजीसीएनं १,६२२ जणांना कमर्शियल पायलट लायसन्स दिलं, तोवरचा उच्चांक. हे सगळे २०० तासांचे लायसन्सवाले उजवीकडच्या खुर्चीच्या रांगेत. त्यातही लायसन्स हातात आलं म्हणजे झालं असं नाही. कंपनी जे विमान उडवते त्याचं टाइप रेटिंग वेगळं, त्याचे पुन्हा काही लाख, आणि बऱ्याचदा तेही आपल्याच खिशातून. माझ्या ओळखीत असे आहेत, ज्यांचं लायसन्स कपाटात आहे आणि ते कॉल सेंटरला जातात. जमिनीवरचं कर्ज मात्र कपाटात बसत नाही.

बरं, मग वरचे निवृत्त होतील तेव्हा तरी यादी सरकेल ना? अण्णांची यादी तशीच सरकायची. दर मे-जूनमध्ये कुणाचा तरी निरोप समारंभ, शाल, श्रीफळ, आणि खालचे सगळे एक पायरी वर.

आपल्याकडे पायलटांचं तसं होत नाही. का, ते बघा. भारतात खासगी विमान कंपन्यांची मोठी लाट आली ती २००३ नंतर. एअर डेक्कन २००३, स्पाइसजेट, किंगफिशर आणि गोएअर २००५, इंडिगो २००६. तेव्हा २२-२५ वर्षांची पोरं भरती झाली. ती आज चाळिशीच्या आसपास आहेत, मजेत आहेत, डावीकडे बसलेली आहेत. पायलटला ६५ पर्यंत उडता येतं. १९८३ मध्ये जन्मलेला कॅप्टन निवृत्त होणार २०४८ मध्ये. काकांची पोरगी तेव्हा चाळिशीची असेल! म्हणजे अमेरिकेत जशी निवृत्तीची मोठी लाट येते आणि खालचे फटाफट वर जातात, तशी लाट आपल्याकडे यायला अजून वीस वर्षं आहेत. तोवर यादी सरकते ती फक्त नवी विमानं आली तर. एका विमानामागे साधारण १०-१२ पायलट लागतात, त्यातले निम्मे कॅप्टन. विमान आलं की पाच-सहा जणांना चौथी पट्टी.

आणि विमान आलं नाही तर? इंडिगोनं २०२३ मध्ये एका झटक्यात ५०० विमानांची ऑर्डर दिली, एअर इंडियानं ४७० ची. आकडे ऐकून छाती फुगते. पण त्याच वर्षी प्रॅट अँड व्हिटनी या अमेरिकन कंपनीच्या इंजिनांमध्ये दोष निघाला. काही भागांसाठी वापरलेली धातूची पावडरच सदोष होती. आपल्याकडची डझनावारी विमानं इंजिनाअभावी उभी राहिली. सात समुद्रापलीकडच्या कारखान्यातली पावडर बिघडते आणि कर्जत तालुक्यातल्या पोराची कमांड वर्षभर पुढे जाते. कुकडीच्या टेलला ज्यांची जमीन आहे, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. धरण भरल्याची बातमी पेपरात येते, आणि आपल्या चारीला पाणी कधी ते कुणालाच माहीत नसतं.

निवृत्तीचं वय हा आणखी एक विषय. एमपीएससी करणाऱ्यांना हा चांगला कळेल. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांचं वय ५८ वरून ६० करा ही मागणी दर काही महिन्यांनी डोकं वर काढते, आणि प्रत्येक वेळी पुण्याच्या अभ्यासिकांमध्ये पोरं चिडतात. आमच्याकडे तोच वाद ६५ की ६७ असा आहे. विमान कंपन्यांची जागतिक संघटना आयाटानं २०२५ मध्ये ६७ चा प्रस्ताव मांडला. त्याआधी अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहानं २०२३ मध्ये तसं विधेयक मंजूर केलं होतं, पण २०२४ मध्ये जो कायदा झाला त्यात ते कलम राहिलं नाही.

हे वय वाढलं की खाली काय होतं, ते अमेरिकेनं एकदा अनुभवलंय. तिथे १९६० पासून पायलटला ६० व्या वर्षी सक्तीनं उतरावं लागायचं. १३ डिसेंबर २००७ ला कायदा बदलला, वय एका दिवसात ६५ झालं. ज्यांना पुढच्या महिन्यात घरी जायचं होतं त्यांना ५ वर्षं बोनस. आणि ज्यांची पुढच्या वर्षी कमांड होती, त्यांची ५ वर्षं गोठली. त्यातच २००८ ची मंदी आली. कंपन्यांनी पायलट कमी केले, तेही यादीच्या शेवटाकडून. शेवटी आला तो पहिला बाहेर. म्हाताऱ्यांचं काही चुकलं नव्हतं, तरुणांचंही नव्हतं. तारीख चुकीच्या बाजूला पडली, बस्स.

मला विचाराल तर, आपल्याकडे ६७ ला माझा विरोध आहे. एकीकडे शेकडो पोरांना दरवर्षी लायसन्स द्यायचं, बापाची जमीन विकायला लावायची, आणि दुसरीकडे वरची खुर्ची आणखी २ वर्षं अडवायची, हे बरोबर नाही. (मी ६४ चा झाल्यावर माझं मत काय असेल, याची खात्री मी देत नाही.)

यादीवरून माणसं किती टोकाला जातात ते बघायचं असेल तर २०१२ चा संप काढून वाचा. एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स या दोन सरकारी कंपन्या २००७ मध्ये एक झाल्या. कंपनी एक झाली, पण पायलटांच्या याद्या दोन. एकीकडे परदेशात जाणारी मोठी विमानं, दुसरीकडे देशातली छोटी. दोन याद्या एकात गुंफायच्या कशा? रुजू झाल्याच्या तारखेवर? कॅप्टन झाल्याच्या तारखेवर? न्यायमूर्ती धर्माधिकारींची समिती नेमावी लागली. तोवर नवी ड्रीमलायनर विमानं येऊ घातली होती. त्यांच्या ट्रेनिंगला इंडियन एअरलाइन्सचे पायलट पाठवायचे म्हटल्यावर मूळ एअर इंडियाच्या पायलटांची संघटना भडकली. विमानं आमच्यासाठी घेतली, त्यांना पाठवाल तर आमची कमांडची पाळी लांबते, हे त्यांचं म्हणणं. मे २०१२ मध्ये सुरू झालेलं आंदोलन ५८ दिवस चाललं. शंभराच्या आसपास पायलटांना काढून टाकलं गेलं, नंतर परत घ्यावं लागलं. नरिमन पॉइंटच्या त्या इमारतीतल्या कंपनीचं त्या काळात आधीच दिवाळं निघत होतं. बाहेरून बघणाऱ्यांना वाटलं, एवढा पगार घेणारे लोक संप कसला करतात? पण ते पगारासाठी कमी आणि नंबरासाठी जास्त भांडत होते. अण्णांसोबत टीव्हीवर बातम्या बघत होतो. ते एकटेच म्हणाले, ‘‘बरोबर आहे त्यांचं. आणि त्यांचंही बरोबर आहे.’’

आता माझं सांगतो. मी पहिल्यांदा ज्या कंपनीत लागलो, तिचं नाव सोडा, ती बंद पडली. ५ वर्षं झाली होती, २,५०० तास झाले होते, कमांडची परीक्षा देऊन झाली होती. यादीत वरच्या पोरांची बॅच ट्रेनिंगला गेलीही होती, पुढची माझी. मग आधी पगार उशिरा यायला लागला, मग अर्धा, मग यायचाच थांबला. एके दिवशी ‘तात्पुरती’ उड्डाणं थांबली, ती थांबलीच.

भारतात हे अपवादानं होतं असं समजू नका. किंगफिशर ऑक्टोबर २०१२ मध्ये थांबली, जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ ला, गो फर्स्ट मे २०२३ मध्ये. दहा-अकरा वर्षांत तीन मोठ्या कंपन्या.

कंपनी बंद पडली की यादी पण मरते. कॅप्टन असाल तर निदान चार पट्ट्या घेऊन दुसऱ्या दारात उभं राहता येतं. कोपायलट असाल तर २,५०० तास घेऊन जाता, पण नंबर नाही नेता येत. शिक्षकाची बदली कर्जतहून जामखेडला झाली तरी त्याची सेवा मोजली जाते. पायलटनं कंपनी बदलली की सेवा शून्य. मी सव्वा वर्ष मिरजगावात बसून होतो. सकाळी शेतात मोटार चालू करायची, दुपारी लायसन्सचे कागद चालू ठेवायचे. लोक विचारायचे, ‘‘काय, सुट्टीवर का?’’ मग नवी नोकरी लागली. पीडीएफ आली. पुन्हा खालून शोधायला सुरुवात. माझ्यापेक्षा ४ वर्षांनी लहान मुलगी, जिला मी पहिल्या कंपनीत विमानाची बाहेरून तपासणी कशी करायची ते दाखवलं होतं, ती आधीच इकडे आली होती. ती आज डावीकडे बसते. मी तिच्या उजवीकडे बसलोय, दोनदा. फार चांगली कॅप्टन आहे. दुसऱ्या वेळी तिनंच मला चहा मागवला.

‘मग नाही जमलं तर पटकन दुसऱ्या कंपनीत जाऊ,’ असं म्हणाल, तर तेही सोपं नाही. २०१७ पासून नियम आहे, कॅप्टनला नोकरी सोडायला १ वर्षाची नोटीस, कोपायलटला ६ महिन्यांची. आणि बऱ्याच ठिकाणी ट्रेनिंगच्या खर्चाचा बाँड.

एवढं सगळं सोसून मी या यादीच्या विरोधात आहे का? नाही. आणि हे मी काकांनाही सांगितलं.

कारण यादी आडनाव विचारत नाही. मिरजगावच्या गुरुजींचा पोरगा आणि मलबार हिलवरच्या उद्योगपतीचा पोरगा एकाच दिवशी रुजू झाले तर त्यांचे नंबर शेजारी शेजारी असतात. साहेबाच्या पुढे-पुढे करून, दिवाळीला मिठाईचा बॉक्स नेऊन नंबर वर सरकत नाही. बाई की बाप्या, हेही यादी बघत नाही. आपल्या देशात पायलटांमध्ये बायकांचं प्रमाण साधारण १५ टक्के आहे, जगाच्या सरासरीच्या जवळजवळ तिप्पट. त्याची कारणं बरीच असतील, पण जिथे प्रमोशन साहेबाच्या मर्जीवर असतं तिथे बायकांचं काय होतं ते तुम्ही बघताच.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. समजा रात्रीची वेळ आहे, पाऊस आहे, वारा आडवा आहे, आणि कॅप्टनला वाटलं की उतरायचं नाही, दुसऱ्या शहरात जाऊ. कंपनीचं नुकसान होणार, प्रवासी शिव्या घालणार. हा निर्णय घेताना त्याच्या मनात ‘साहेब काय म्हणेल, माझं प्रमोशन अडकेल का’ हे यायला नको. नंबर कुणाच्या मर्जीवर नाही म्हणून तो नाही म्हणू शकतो. माझं, तुमचं, सगळ्यांचं भलं त्यात आहे. गुणवत्तेवर बढती द्या म्हणणारे बरेच भेटतात. गुणवत्ता मोजणार कोण, हे विचारलं की इंधन कुणी जास्त वाचवलं यावर गाडी येते.

तेव्हा यादी राहू द्या. माझी तक्रार तिच्या भोवतालच्या अंधाराबद्दल आहे. फ्लाइंग स्कूलनं जाहीर करावं की मागच्या प्रत्येक वर्षी किती जणांना लायसन्स मिळालं आणि त्यातले किती आज खरंच उडतात. डीजीसीएनं २०२५ पासून फ्लाइंग स्कूलना श्रेणी द्यायला सुरुवात केलीय, त्याच कागदावर हा एक रकाना वाढवायला काय हरकत आहे? कंपन्यांनी भरतीच्या जाहिरातीत कॅप्टनचा पगार छापण्याऐवजी, गेल्या ३ वर्षांत कोपायलटला कमांड मिळायला सरासरी किती वर्षं लागली ते छापावं. आणि कंपनी बुडाली तर तिथल्या कोपायलटची सेवा दुसरीकडे निदान अर्धी तरी मोजली जावी. हे शेवटचं होणार नाही, माहितीये मला. ज्या कंपनीत मोजली जाईल तिथलीच पोरं संप करतील, आणि २०१२ पुन्हा होईल. तरी म्हणून ठेवतो.

पैशाचं म्हणाल तर जमिनीआधी बाकीची दारं ठोठावा. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत कमर्शियल पायलटचा कोर्स बसतो. ओबीसी, भटक्या विमुक्तांसाठी महाज्योतीनं नागपूर फ्लाइंग क्लबमध्ये पायलट ट्रेनिंगची योजना आणली होती, तिच्या पुढच्या जाहिरातीवर लक्ष ठेवा. उत्तर प्रदेशात फुरसतगंजला केंद्र सरकारची उडान अकादमी आहे, तिथे प्रवेश परीक्षेनं जाता येतं. आणि कुठेही एक रुपया भरण्याआधी मेडिकल करून घ्या, क्लास टू आणि मग क्लास वन. मेडिकल अडलं तर बाकी कशालाच अर्थ नाही, आणि हे फी भरल्यावर कळलेली पोरं मी पाहिलीत.

काकांना मी एवढंच म्हटलं, त्या क्लासवाल्याला फोन करा आणि विचारा, तुमच्या मागच्या ३ बॅचमधली किती पोरं आज पगार घेऊन उडतात. त्यांनी तिथेच, चहाच्या टपरीवर, स्पीकर लावून फोन लावला. पलीकडची मॅडम आधी फार गोड बोलली. प्रश्न ऐकल्यावर म्हणाली, ‘‘सर, तुम्ही एकदा ऑफिसला या ना, समोरासमोर बोलू.’’ काकांनी पुन्हा विचारलं. ‘‘सर, ऑफिसला या.’’

परवा त्यांचा फोन आला. पोरीचं क्लास टू मेडिकल झालंय, फिट आहे. जमीन अजून काढलेली नाही. पोरगीनंच आता वही केलीय म्हणे, कुठल्या स्कूलला काय विचारायचं त्याची. पहिल्या पानावरचा एक प्रश्न तिला मला विचारायचा होता. काकांनी फोन तिच्याकडे दिला.

‘‘दादा, तुमच्या वर आता किती जण आहेत?’’